पुण्यात अ‍ॅस्परॅगस: वाफ्याची जागा आणि शेजारची पिके

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पिरंगुटच्या पुढे तुमचा १० गुंठ्यांचा प्लॉट आहे. तिथे तुम्हाला अ‍ॅस्परॅगस, म्हणजे कोवळे कोंब खायची बहुवर्षायू भाजी, लावायची आहे. तुम्ही शनिवार-रविवार जाता, माळीकाका दिवसाआड येतात. अ‍ॅस्परॅगसच्या वाफ्यासाठी तीन जागा मनात आहेत: पश्चिमेच्या कुंपणालगत आंब्याशेजारी, उताराच्या तळाशी काळ्या मातीचा कोपरा आणि फाटकाजवळचा वरचा मुरमाड पट्टा. तुमचा कल काळ्या मातीकडे आहे, कारण तिथे काहीही टाकले तरी तरारून येते. सोबतीला टोमॅटो, बेसिल, पार्सली आणि झेंडू लावावेत असे तुम्ही वाचले आहे. माळीकाकांना मात्र त्याच वाफ्यात कांदा आणि हळद घ्यायची आहे. आणि लावणी तुम्हाला जूनच्या पहिल्या पावसावर करायची आहे.

जागा कोणती आणि सोबती कोण, हे तुम्ही दोन प्रश्न म्हणून विचारले आहेत. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, पाणी. पावसाळ्यात वाफ्यातून पाणी किती लवकर निघून जाते यावर जागा ठरते. हिवाळ्यात शेजारच्या पिकाला पाणी लागते की नाही यावर सोबती ठरतात. हे एकदा पटले की बाकीचे निर्णय सोपे होतात.

सुरुवातीलाच एक सांगते. माझे वाफे सासवडच्या बाजूला आहेत आणि तिथला पाऊस तुमच्या मुळशी तालुक्याच्या मानाने फारच कमी. त्यामुळे वाफ्याची उंची, बाजूचे चर, पावसाळ्यातले बुरशीचे भय, हे सगळे तुमच्याकडे माझ्याहून एक पायरी वरचे धरा. बोअरचे पाणी किती जड आहे, घर बांधताना राडारोडा कुठे पुरला होता, हेही तुम्हालाच तपासावे लागेल.

अ‍ॅस्परॅगसचा गड्डा, म्हणजे जमिनीखालचा मुळांचा आणि डोळ्यांचा गोळा, नीट रुजला तर १० ते १५ वर्षे, कधी त्याहूनही जास्त, त्याच जागी कोंब देत राहतो. मेथी फसली तर महिन्याने दुसरीकडे टाकता येते. याला उपटून हलवले तर तो काही वर्षे मागे जातो, आणि जुन्या जागी पुन्हा अ‍ॅस्परॅगसच लावला तर तोही नीट धरत नाही, कारण त्याच्या मुळांचे अवशेष त्याच्याच नव्या रोपांना मारक ठरतात. म्हणून जागेची परीक्षा तिच्या सर्वांत वाईट दिवसांत घ्यायची. थंड देशांतल्या पुस्तकांत हे वाईट दिवस बर्फाचे असतात. आपल्याकडे ते जुलै-ऑगस्टचे, सलग झडीचे.

आता काळ्या मातीचा कोपरा. माती कसदार आहे यात शंका नाही. पण काळी माती पाणी धरून ठेवते, आणि तुमचा कोपरा तर उताराच्या तळाशी, म्हणजे सगळ्या प्लॉटचे पाणी तिथेच येणार. अ‍ॅस्परॅगसची मुळे जाड, मांसल असतात, पुढच्या हंगामाचे अन्न त्यांतच साठते. ती आठवडाभर पाण्यात राहिली की फ्युजेरियमसारख्या बुरशी शिरतात आणि गड्डा आतून तपकिरी होऊन सडतो. वरून मात्र ऑक्टोबरपर्यंत काही कळत नाही. शिवाय उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि भेगांबरोबर मुळेही तुटतात. वर्षभराच्या पिकाला या दोन्ही गोष्टी सोसतात, पंधरा वर्षांच्या पिकाला नाही. त्यामुळे हा कोपरा मी पहिल्यांदा बाद करेन.

आंब्याशेजारची जागा त्याहूनही नको. अ‍ॅस्परॅगसला दिवसाचे किमान ६, शक्यतो ८ तास ऊन लागते, आणि आंब्याची मुळे तुमच्या खताचा पहिला घास स्वतः घेतील. कुंपणाच्या भिंतीलगत बहुतेक वेळा सिमेंट, चुना आणि विटांचे तुकडे पुरलेले असतात. त्याने मातीचा सामू (pH) आणखी चढतो. अ‍ॅस्परॅगसला ६.५ ते ७.५ सामू मानवतो, आणि आपल्याकडची माती आधीच विम्लतेकडे (अल्कधर्मी बाजूला) झुकलेली असते.

राहिला वरचा मुरमाड पट्टा. तुम्ही त्याला 'निकस' म्हटले आहे, पण माझी पसंती त्यालाच आहे. निकस जमिनीत बाहेरून कस आणता येतो. चिबड जमिनीतून दर पावसाळ्यात पाणी काढत बसणे कुणालाच जमत नाही. मुरमातून पाणी सरळ खाली जाते, वरचा भाग असल्याने साचत नाही आणि फाटकाजवळ असल्याने येता-जाता लक्ष राहते. हे लक्ष राहणे फार महत्त्वाचे आहे. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात कोंब रोज बोटभर, कधी वीतभरही वाढतो. शनिवारी बोटभर दिसलेला कोंब पुढच्या शनिवारी पाला होऊन उभा असतो. माळीकाकांनी दिवसाआड कापून फ्रिजमध्ये ठेवायचे, हे आधीच ठरवून घ्या.

उन्हाबद्दल एक बारकावा. पुण्यात सूर्य मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटी नेमका डोक्यावर येतो, मधल्या काळात तर किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे आत्ता मे महिन्यात जागा बघून सावलीचा अंदाज चुकतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे बराच कलतो आणि सावल्या उत्तरेकडे लांब पडतात. म्हणून पट्ट्याच्या दक्षिणेला टाकी, खोली, उंच झाड काय आहे ते बघा. उलट अ‍ॅस्परॅगसचा पाला स्वतः ४ ते ६ फूट वाढतो, तेव्हा हिवाळी भाज्या त्याच्या दक्षिणेला ठेवा, उत्तरेला नको.

वाफा उताराला आडवा घ्या आणि त्याच्या वरच्या बाजूला वीतभर खोल चर काढून पावसाचे पाणी बाजूला वळवा. वाफ्याखालचा मुरूम कुदळीने फूटभर मोकळा करा, खणून बाहेर टाकायची गरज नाही. त्यावर गादीवाफा: पोयटा तीन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग. तुमच्या त्या कोपऱ्यातली काळी माती एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत मिसळली तर उन्हाळ्यात ओल टिकायला मदत होईल, त्याहून जास्त नको. उंची दीड फूट ठेवा, पावसात बसून सव्वा फूट राहील. रुंदी ४ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. दोन ओळींत २ फूट आणि रोपांत दीड फूट अंतर ठेवले तर १५-१६ फूट लांबीत २० रोपे बसतात. चार माणसांच्या घराला तेवढी पुरतात.

शेणखत कच्चे घेऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगते. कच्च्या खतातून हुमणी येते आणि मांसल मुळे तिच्या फार आवडीची. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात, तेव्हाच ते झाडून गोळा केले तर पुढचा बराच त्रास वाचतो. खतात निंबोळी पेंड आणि मेटारायझियम या हुमणी मारणाऱ्या बुरशीची पावडर मिसळून ठेवली तर आणखी चांगले. स्फुरद मातीत फारसे हलत नाही, म्हणून सिंगल सुपर फॉस्फेट लावणीच्या वेळीच मुळांच्या खाली पडले पाहिजे, नंतर वरून टाकून उपयोग होत नाही.

अ‍ॅस्परॅगसच्या वाफ्यात मीठ टाकावे असा एक जुना सल्ला तुमच्या वाचनात येईल. हे पीक खारेपणा बराच सोसते. मातीची क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या आसपास जाईपर्यंत उत्पन्नात फरक पडत नाही. त्यामुळे पूर्वी मीठ टाकून तण मारत आणि पीक वाचत असे. आपल्याकडे ते करू नका. चिकण मातीत सोडियम गेले की तिची रवाळ घडण मोडते आणि निचरा बंद पडतो. बोअरचे पाणी थोडे जड असेल तर मात्र त्याला घाबरून लावणी रद्द करायची गरज नाही. माती आणि पाणी दोन्हींचे परीक्षण एकदा करून घ्या. अहवालात सामू, क्षारता आणि मुक्त चुना एवढे तीन आकडे आधी बघा.

आता सोबत्यांकडे वळण्याआधी या पिकाचे वर्ष कसे चालते ते सांगायला हवे, कारण सोबत्यांचा निर्णय त्यावरच आहे.

थंड देशांत हिवाळ्यात पाला मरतो, गड्डा झोपतो आणि वसंतात साठवलेल्या अन्नावर जोमाने कोंब फेकतो. पुण्याचा हिवाळा त्याला झोपवण्याइतका कडक नाही. रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, पाला मंदावतो, पण पाणी मिळत राहिले तर झाड बारीक बारीक कोंब काढतच राहते आणि साठा कधी पुरा होत नाही. म्हणून ही विश्रांती आपण द्यायची, पाणी तोडून. पुरंदरमधले शेतकरी अंजीर-डाळिंबाचा बहार धरताना ताण देतात, अगदी तसेच. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनारपट्टीवरच्या वाळवंटातही पाणी तोडूनच अ‍ॅस्परॅगसला विश्रांती देतात.

माझे वेळापत्रक असे. जून ते ऑक्टोबर पाला भरपूर वाढू द्यायचा, बांबू आणि सुतळीचा आधार द्यायचा, कारण तुमच्याकडच्या वाऱ्यापावसात तो आडवा होतोच. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी कमी करत बंद करायचे. डिसेंबरअखेर पाला पिवळा पडतो, तो जमिनीलगत कापून वाफ्याबाहेर न्यायचा, कारण रोगाचे बीजाणू त्यावरच राहतात. मग दोन-तीन इंच कुजलेल्या खताचा थर देऊन जानेवारीच्या शेवटी पाणी सुरू. फेब्रुवारी-मार्च कोंबांचा हंगाम. एप्रिलच्या उन्हात कोंबाची टोके लवकर सुटतात आणि बुंधा चिवट होतो, तेव्हा कापणी थांबवून पुन्हा पाला वाढू द्यायचा. तैवान आणि थायलंडमध्ये दुसरी पद्धत आहे. तिथे प्रत्येक गड्ड्यावर चार-पाच दांडे पाल्यासाठी कायम राखतात आणि बाकीचे कोंब बराच काळ कापत राहतात. ती उत्तम चालते, पण रोज लक्ष मागते. आठवड्याला येणाऱ्या माणसाला ताणाची पद्धत सोयीची.

आता बघा, नोव्हेंबर ते जानेवारी हा आपल्या घरगुती बागेचा सर्वांत भरभराटीचा काळ. टोमॅटो, कोबी, वाटाणा, लेट्यूस, कांदा, सगळ्यांना तेव्हाच नियमित पाणी हवे असते. आणि तोच नेमका अ‍ॅस्परॅगसच्या ताणाचा काळ. एकाच वाफ्यात दोघांना ठेवले की एकाचा जीव जातो किंवा दुसऱ्याची झोप. परदेशी याद्यांमध्ये हा पेच नसतो, कारण तिथे पाऊस, थंडी आणि हंगाम यांची गाठच वेगळी असते.

टोमॅटोचेच घ्या. टोमॅटो अ‍ॅस्परॅगसचा भुंगा दूर ठेवतो आणि अ‍ॅस्परॅगस टोमॅटोच्या मुळांवरच्या सूत्रकृमींना आवर घालतो, अशी ही जोडी सांगितली जाते. यातला भुंगा युरोप-अमेरिकेतल्या बागांचा शत्रू आहे. माझ्या वाफ्यावर मला तो कधी दिसलेला नाही. सूत्रकृमींच्या बाजूला थोडा आधार आहे, कारण अ‍ॅस्परॅगसच्या मुळांत अ‍ॅस्परॅगुसिक आम्ल असते आणि ते सूत्रकृमींना मारक आहे. पण तेवढ्यासाठी टोमॅटोचे हिवाळी पाणी या वाफ्यात आणणे मला परवडणारे वाटत नाही. टोमॅटो जरूर लावा, तीन-चार फूट दूर, दक्षिणेच्या बाजूला, वेगळ्या ठिबकवर. लॅटरलला (ठिबकच्या नळीला) स्वतंत्र कॉक असणे ही माझी अटच समजा. एका कॉकवर दोन्ही वाफे असतील तर माळीकाका कितीही काळजीपूर्वक वागले तरी ताण बसणार नाही.

झेंडू हा माझ्या मते आपल्याकडचा सर्वांत योग्य सोबती आहे. जून-जुलैत रोपे लावली की दसऱ्याला फुले हाताशी येतात, दिवाळीपर्यंत तोडा चालतो आणि नोव्हेंबरमध्ये, ताण सुरू होण्याच्या वेळीच, तो आपोआप संपतो. त्याच्या मुळांतली रसायने गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना दाबतात, पण त्यासाठी तो दाट आणि पूर्ण हंगाम हवा. कोपऱ्यातल्या दोन शोभेच्या झाडांनी काही होत नाही. बुटकी जात घ्या आणि वाफ्याच्या दोन्ही कडांना सलग ओळ लावा. उंच झेंडू मध्ये लावला तर हवा अडते, आणि तुमच्या पावसात खेळती हवा हेच बुरशीवरचे पहिले औषध आहे. हंगाम संपल्यावर झाड उपटू नका, जमिनीलगत कापा.

कोथिंबीर दुसऱ्या क्रमांकावर. ऑगस्टच्या शेवटी पाऊस जरा उसंत देऊ लागला की कडेला विसकटून टाका, थोडी काढून खा आणि बाकी फुलावर येऊ द्या. त्या पांढऱ्या फुलांवर मावा खाणाऱ्या ढालकिड्यांची आणि क्रायसोपा या मित्रकिडीची ये-जा वाढते. मेथी, शेपू हेही चालतात. मुळे उथळ आणि महिन्या-दीड महिन्यात काम संपते. पहिल्या वर्षी ओळींच्या मध्ये रिकामी जागा फार राहते, तिथे बुटकी, न वेलणारी चवळी घ्या. दुसऱ्या वर्षापासून पालाच जागा व्यापतो, मग मधे काहीच नको.

बेसिल मुळशीच्या पावसात काळी पडते, तिला कुंडीत, आडोशाला ठेवा. पार्सलीलाही कुंडीच बरी, ती थंडीतली आणि पाणी मागणारी. आपली तुळस मात्र वाफ्याच्या टोकाला खुशाल लावा, ती कमी पाण्यावर तगते. पुदिना आणि गवती चहा जवळ आणू नका, दोघेही पसरतात आणि नंतर काढताना गड्डे दुखावतात.

आता माळीकाकांची पिके. कांद्याला माझा ठाम नकार आहे आणि कारण तुम्ही वाचले असेल त्याहून वेगळे आहे. स्टेम्फिलियम व्हेसिकेरियम नावाची बुरशी कांद्याच्या पातीवर करपा आणते आणि तीच अ‍ॅस्परॅगसच्या कोंबांवर जांभळे ठिपके पाडते. कांद्यावरचे फुलकिडे अ‍ॅस्परॅगसवरही येतात. पुणे जिल्ह्यात कांदा इतका आहे की ही दोन्ही दुखणी वाऱ्यावर कुठूनही येऊ शकतात; वाफ्यातच त्यांना घर करून देऊ नये. लसणालाही हेच लागू. हळदीचा रोगाशी संबंध नाही, पण ती जानेवारी-फेब्रुवारीत कुदळीने खणून काढावी लागते. त्याच वेळी जमिनीखाली सहा इंचांवर अ‍ॅस्परॅगसचे डोळे फुगत असतात. कुदळीचा एक घाव बसला की त्या गड्ड्याचे ते वर्ष गेले. बटाटा, रताळे, आले यांनाही याच कारणाने नाही म्हणायचे.

पण काकांना नुसते नाही म्हणू नका, त्यांच्या पिकांना प्लॉटमध्ये चांगल्या जागा आहेत. हळद आंब्याच्या कडेला, विरळ सावलीत, सरीच्या वरंब्यावर छान येते. आणि तो काळ्या मातीचा कोपरा पावसाळ्यानंतर वाफशावर आला की रब्बी कांद्याला त्याच्यासारखी जागा नाही.

शेवटचा मुद्दा लावणीचा. जूनमध्ये लावू नका. कोवळी मुळे आणि लगेच चार महिन्यांचा मुळशीचा पाऊस, ही जोखीम घेण्याची काही गरज नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर लावा. पहिल्या हिवाळ्यात ताण द्यायचा नाही, रोपांना पाणी चालू ठेवायचे. त्या वर्षी कोंबही कापायचे नाहीत. दुसऱ्या हंगामात दोन-तीन आठवडे हलकी कापणी, पूर्ण कापणी तिसऱ्यापासून.

तयार गड्डे आपल्याकडे सहज मिळत नाहीत आणि प्रवासात सुकलेले मिळाले तर वाया जातात, म्हणून बियाण्यापासून सुरुवात बरी. यूसी १५७ हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संकर उष्ण हवेत चांगला चालतो. मेरी वॉशिंग्टन ही जुनी जातही चालेल. नर्सरीत अ‍ॅस्परॅगस म्हणून मिळणारी पिसांसारखी शोभेची झाडे वेगळ्या जातींची असतात, आणि औषधी शतावरीही वेगळी, काटेरी वेल. खायच्या कोंबांसाठी बियाण्याच्या पाकिटावर अ‍ॅस्परॅगस ऑफिसिनॅलिस हेच नाव बघून घ्या. बी दिवसभर पाण्यात भिजवून जुलैच्या मध्यात ट्रेमध्ये, कोकोपीट आणि गांडूळखतात, छपराखाली टाका. उगवायला दोन ते तीन आठवडे लागतात. यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादीला लाल फळे लागतात, ती पडण्याआधी काढून टाका, नाहीतर वाफ्यात रोपांचे तण माजते. मुलांना ती फळे खाऊ देऊ नका.

म्हणजे वाफा मात्र आत्ताच, मेमध्ये बांधा आणि पहिल्या पावसावर त्यात मूठभर तागाचे बी फेका. जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी जाऊन वाफ्याच्या बुडाशी पाणी उभे आहे का बघा; असेल तर चर तेव्हाच खोल करा, रोपे अजून ट्रेमध्येच आहेत. ताग साधारण ४५ दिवसांनी, फुलावर येण्याच्या सुमारास कापून तिथेच गाडा. ऑक्टोबरपर्यंत तो कुजून जाईल आणि वाफाही बसलेला असेल, मग झेंडू त्या वर्षी वाफ्याबाहेर, चराच्या पलीकडे लावला तरी चालेल.